वणव्याच्या हंगामात कामाला जाताय? आधी तास मोजायला शिका

15 फेब्रुवारीला वन विभागाचा आगीचा हंगाम सुरू होतो आणि 15 जूनला संपतो. या चार महिन्यांसाठी मेळघाट, ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि आसपासच्या जंगलांत गावोगावची माणसं फायर वॉचर म्हणून रोजंदारीवर लागतात. काही भागांत त्यांना अंगारी म्हणतात. हंगाम तोंडावर आला की त्यांचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांचे प्रश्न येऊ लागतात. हजेरी आठ तासांची आणि आग पहाटेपर्यंत चालली, तर वरच्या तासांचं काय? रोजंदारीवर असताना भाजलं तर काही मिळतं का? साहेबांनी आत जा म्हटलं आणि मन तयार नसेल तर नाही म्हणता येतं का?

बहुतेक प्रश्न फिरून एकाच ठिकाणी येतात. हे काम किती तास चाललं, हे कुणी मोजत नाही. माणूस थकलाय किती हे तासांवरून कळतं, आणि पैसे किती निघतात हेही तासांवरूनच ठरतं. म्हणून ते तुम्हीच मोजायचे.

नाव देण्याआधी विचारून घ्या

- मजुरी कोण देणार? वन विभाग थेट देणार, गावची संयुक्त वनव्यवस्थापन समिती देणार, की मध्ये एखादी एजन्सी आहे? उत्तर मोघम मिळालं तर पुन्हा विचारा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच निघतो.
- ड्यूटी कोणती? दिवसपाळी, रात्रपाळी, की संरक्षण कुटीत मुक्काम? मुक्काम असेल तर घरी कधी सोडणार?
- मस्टरवर नाव कधी चढणार? काम आजपासून आणि नाव पुढच्या आठवड्यात, असं चालू देऊ नका. नाव चढण्याआधी अपघात झाला तर तुम्ही कामावर होता हे शाबीत करायला जड जातं.
- गाडी कुठली? आगीकडे नेणारी आणि मध्यरात्री परत आणणारी.

आणखी एक गोष्ट विचारण्यापेक्षा समजून घेण्याची आहे. “हंगाम करा, पुढे कायम करून घेऊ” असं कुणी तोंडी म्हणालं तर त्यावर घरातली गणितं मांडू नका. हंगाम जेमतेम 120 दिवसांचा. वर्षाला 240 दिवस भरण्याचा जो हिशोब लोक ऐकून असतात, तो यातून भरत नाही.

दिवस लांबतो तो आग लागल्यावर नाही, विझल्यावर

आग नसलेला दिवस असा जातो: जाळरेषेवर पडलेला पाला पुन्हा बाजूला करायचा, बीटमध्ये फेरी मारायची, मोह वेचणाऱ्यांशी बोलायचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल दिसावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि निघून जातात. आग लागण्याचं ते एक नेहमीचं कारण. अशा माणसाशी भांडून उपयोग होत नाही. सकाळी त्याच्याबरोबर उभं राहून झाडाखालची जागा झाडून दिली की निम्मं काम झालं.

आग लागल्याचा निरोप येतो तो फिरतीवरच्या माणसाकडून, गावातून 1926 या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर, नाहीतर उपग्रहावरून. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस नोंदणी केलेल्या माणसाला पाठवतं. पण उपग्रह दिवसातून ठराविक वेळीच डोक्यावरून जातो. त्यामुळे मेसेज आला तोवर आग कुठल्या कुठे गेलेली असू शकते. मेसेजमधल्या ठिकाणावर सरळ चालत जाऊ नका. धूर कुठे आहे आणि वारा कुठला आहे, हे एखाद्या उंच जागेवरून आधी बघा.

दुपारी 12 ते 5 आगीचा जोर सर्वांत जास्त असतो. हवा कोरडी, पाला कुरकुरीत, मधूनच वावटळ. रात्र झाली की हवेत थोडा ओलावा येतो, वारा पडतो, म्हणून पथकं संध्याकाळनंतर आणि पहाटे जोर लावतात. याचा अर्थ असा की दुपारी 2 वाजता निघालेला माणूस रात्री 10 वाजता ऐन कामात असतो, आणि ज्वाळा बसल्या तरी त्याची सुटका होत नाही. पडलेलं खोड आतून धुमसतं. जनावरांचं वाळलेलं शेण तासन्‌तास विस्तव धरून ठेवतं. बांबूच्या बेटात बुडाशी निखारे राहतात. आगीच्या कडेने हात उपडा करून, जमिनीपासून थोडा वर धरत चालत जायचं. जिथे ऊब लागेल तिथे खणायचं, माती कालवायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि माणूस थकल्यावरच करावं लागतं, म्हणून ते अर्धवट राहतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच आग पुन्हा उठते. पथकात माणसं असतील तर ज्यांनी आग झोडपली त्यांना झोपायला पाठवा आणि हे काम ताज्या माणसांकडे द्या.

अमेरिकेत वणवा विझवणाऱ्या पथकांसाठी एक साधा नियम आहे: दर दोन तासांच्या कामामागे एक तास विश्रांती, आणि 16 तासांपुढे पाळी गेली तर त्याचं कारण लेखी द्यायचं. आपल्याकडे असा नियम कुणी दाखवणार नाही, पण पथकाला आपसांत तो पाळायला कुणाची मनाई नाही. 16 तास भरले की त्या माणसाला आगीच्या कडेवरून बाजूला घ्या, तो कितीही “मी ठीक आहे” म्हणाला तरी. थकलेल्या माणसाचा तोच तर मोठा दोष, की त्याला स्वतःचा थकवा कळत नाही. रात्रभर काम करून पहाटे मोटारसायकलवर 20 किलोमीटर घरी जाणं हा या कामातला असा धोका आहे, ज्याला कुणी वणव्याच्या खात्यात धरत नाही. दोन तास कुटीत झोपा, मग निघा.

पाणी

एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा 45 च्या वर जातो, आणि तुम्ही त्यात आगीशेजारी उभे असता. तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, तेही दर 15-20 मिनिटांनी थोडं थोडं. तासाला दीड लिटरच्या वर ढोसू नका, नुसत्या पाण्याने अंगातलं मीठ पातळ होतं. म्हणून ताक, आंबील, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा ओआरएस हवं.

आता हिशोब करा. सहा माणसं, दहा तास, म्हणजे साठ लिटरच्या आसपास. एवढं पाठीवर नेता येत नाही. त्यामुळे पाणी कुठे ठेवलंय आणि दुसरी खेप कोण आणणार, हे निघण्याआधी ठरायला हवं. “जवळ पाणवठा आहे” या भरवशावर जाऊ नका. मे महिन्यात तो आटलेला असतो, आणि आटलेला नसेल तर आगीपुढे पळालेली जनावरंही तिथेच येतात. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत. त्याने अपाय नाही, पण कांदा आहे म्हणून पाण्याचा कॅन कमी करू नका.

लघवी गडद पिवळी झाली किंवा चार-पाच तासांत झालीच नाही, तर त्या माणसाला सावलीत बसवून पाजायला लागा.

अंगावर काय घालायचं

जाड सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतात. घरात पडलेला जुना स्पोर्ट्स टी-शर्ट या कामाला सर्वांत वाईट, आणि नायलॉनची साडीही तितकीच वाईट. या कामावर बायकाही येतात, त्यांनी सुती सलवार-कुर्ता किंवा शर्ट-पँट मागून घ्यावी, लाजू नये. पायात चामड्याचे बूट. प्लास्टिकच्या चपलेवर आगीच्या कडेला जाणाऱ्याला परत पाठवण्याचा अधिकार पथकातल्या प्रत्येकाला असावा, असं माझं मत आहे.

दुपट्ट्याबद्दल नेहमी उलटं सांगितलं जातं. तोंडाला ओला दुपट्टा बांधू नका. झळ जवळ आली की त्या ओलीची वाफ होते आणि ती श्वासाबरोबर आत जाऊन भाजते. सुती, कोरडा दुपट्टा बांधा. तोही राख आणि ठिणग्याच अडवतो. धुरातला विषारी वायू कुठलंच फडकं अडवत नाही. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर धुराबाहेर येऊन बसण्याखेरीज उपाय नाही.

आगीच्या कडेवर

8 एप्रिल 2021 रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन मजुरांचा होरपळून मृत्यू झाला. वाऱ्याने आग पुन्हा भडकली आणि माणसं तिच्यात सापडली. या कामात माणसं मरतात ती बऱ्याचदा अशीच, आग हातात आली असं वाटत असताना.

म्हणून काम सुरू करण्याआधी चार गोष्टी मोठ्याने बोलून घ्या. नुसतं मनात धरून चालत नाही.

1. नजर कोण ठेवणार? एक माणूस आग न विझवता फक्त वारा आणि आग बघत उभा राहील. सहा माणसांत एक “रिकामा” ठेवणं जिवावर येतं, पण तो रिकामा नसतो.
2. निरोप कसा पोचणार? मोबाइलला रेंज नसते हे धरून चला. वॉकी-टॉकी कुणाकडे, आणि शिट्टीचा अर्थ काय.
3. पळायची वाट कुठली? दोन वाटा. तिसऱ्या माणसाला विचारून बघा, त्याला सांगता आली तरच ती ठरली.
4. पळून जायचं कुठे? सर्वांत खात्रीची जागा म्हणजे आधीच जळून काळी पडलेली, थंड झालेली जमीन. नाल्याचं रुंद कोरडं वाळूचं पात्र चालेल. अरुंद घळ नाही, तिच्यातून आग धुराड्यासारखी वर चढते.

आग चढावर पळते, आणि चढ जितका उभा तितकी ती वेगात. चढावर तिच्या वरच्या बाजूला उभं राहून तिला अडवायला जाऊ नका. शेपटीकडून, जळालेल्या बाजूने सुरुवात करा आणि दोन्ही कडा धरत पुढे सरका. उंच वाळलेल्या गवतातली आग सागाच्या पाल्यातल्या आगीपेक्षा कितीतरी चपळ असते. पाल्यातल्या आगीची सवय झालेला माणूस गवतात फसतो.

ब्लोअर आल्यापासून काम सोपं झालंय, पण त्याच्या खोडी वेगळ्या आहेत. पाला उडवून जमीन उघडी करायला तो उत्तम. उंच गवतातल्या ज्वाळेवर धरला तर तो तिला फुंकर घालतो. ब्लोअरवाल्याला आवाजामुळे ऐकू येत नाही आणि त्याची नजर नळीच्या टोकावर असते, म्हणून त्याच्या खांद्याला हात लावता येईल इतक्या अंतरावर एक जोडीदार हवाच. अर्ध्या तासाने जोडी बदला. आणि तापलेल्या ब्लोअरमध्ये पेट्रोल ओतू नका. दहा मिनिटं थंड होऊ द्या, पेट्रोल भरा, सांडलेलं पुसा, मग जागा बदलून चालू करा.

समोरून आग लावून वणवा अडवणं, ज्याला काउंटर फायर म्हणतात, ते वनरक्षक किंवा वनपाल जागेवर असताना आणि त्यांनी सांगितल्यावरच. पथकातल्या एकाने “मला येतं” म्हणून काडी ओढली आणि पलीकडच्या उतारावर दुसरी टोळी असली, तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

“नाही” कसं म्हणायचं

“मी जात नाही” एवढंच म्हटलं की ते उद्धटपणा ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी कापली जाते अशी भीती असते. ती खोटी नाही. म्हणून नकार देताना तीन भाग करा: काय दिसतंय, काय होईल, त्याऐवजी काय करू. “साहेब, वारा खालून वर फिरलाय. त्या घळीतून आत गेलो तर मागे यायला वाट नाही. आम्ही वरच्या बैलगाडीच्या वाटेवर पाला काढून थांबतो, आग तिथे अडवू.” असं बोललं की बहुतेक वनरक्षक ऐकतात, कारण तेही त्याच आगीपुढे उभे असतात. नाहीच ऐकलं, तर वेळ आणि शब्द वहीत लिहून ठेवा, आणि तरीही जाऊ नका.

कुणी भाजलं, कुणाला ऊन लागलं

भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं साधं पाणी ओता. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, नंतर सूज येते. चिकटलेला कपडा ओढू नका. टूथपेस्ट, तूप, शाई, हळद यांतलं काही लावू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून 108 ला फोन करा. घाम थांबला, अंग तापलं आणि माणूस बरळायला लागला, तर ते साधं ऊन लागणं नाही. कपडे सैल करून अंगभर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. अँब्युलन्स जंगलात येत नाही, म्हणून तिला कुठल्या फाट्यावर बोलवायचं ते नाव हंगामाच्या पहिल्या दिवशीच ठरवून ठेवा.

मजुरी आणि जादा तास

वनकामासाठी शासनाने ठरवलेल्या किमान मजुरीच्या खाली कुणी देऊ शकत नाही, मग पैसे विभागाकडून येवोत की समितीकडून. दर वेळोवेळी बदलतात. चालू दर परिक्षेत्र कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारा. ठरलेल्या तासांपुढच्या कामाचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट, असं कायदा सांगतो. मजुरी महिन्याच्या हिशोबाने असेल तर ती पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत मिळायला हवी.

प्रत्यक्षात वाद दराचा नसतो, तासांचा असतो. “कुटीत झोपला होतास, ते काम कसलं?” याला उत्तर म्हणजे वही. दहा रुपयांची वही घ्या आणि रोज चार ओळी लिहा:

- किती वाजता हजेरी, कुठल्या बीटमध्ये
- आग असेल तर कक्ष क्रमांक, निघालो कधी, परत आलो कधी
- कुणाच्या सांगण्यावरून गेलो
- बरोबर कोण होतं

आठवड्यातून एकदा वनरक्षकांची सही मागा. दिली तर उत्तम. नाही दिली तर वहीच्या पानाचा फोटो काढून स्वतःच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तारीख-वेळ आपोआप पडते. घेतलेली हजेरी आणि खात्यावर आलेले पैसे जुळत नसतील तर आधी वनक्षेत्रपालांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मग कामगार कार्यालय गाठा. सहा महिन्यांच्या आत हे उरका. हंगाम संपला की पथकातली माणसं पांगतात आणि साक्षीला कुणी सापडत नाही.

रोजंदारीवर होता म्हणून भरपाई नाही, हे खोटं आहे

सर्वांत जास्त नुकसान या एका गैरसमजाने होतं. कामावर असताना अपघात झाला तर भरपाई देण्याची जबाबदारी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने मालकावर टाकली. त्यातली नैमित्तिक मजुरांना वगळणारी अट 2000 सालच्या दुरुस्तीत निघाली. जंगलातली कामं त्याच्या यादीत आहेत. हीच व्यवस्था 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत पुढे चालू राहिली आहे. मध्ये कंत्राटदार असला तरी मूळ काम ज्याचं, त्याच्याकडे मागता येतं.

मृत्यूच्या भरपाईचं गणित असं: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. 30 वर्षांच्या माणसासाठी तो 207.98 आहे, 40 वर्षांच्यासाठी 184.17. महिन्याची मजुरी 12,000 रुपये आणि वय 30 असेल तर 6,000 गुणिले 207.98, म्हणजे 12,47,880 रुपये. “साहेबांनी माणुसकीने पन्नास हजार दिले” आणि त्यावर कुटुंबाने अंगठा उठवला, असं होतं तेव्हा हा आकडा कुणी त्यांना सांगितलेला नसतो. मदत घ्या, पण “आता काही मागणे नाही” अशा कागदावर सही करू नका.

भाजून घरी बसावं लागलं तर त्या काळासाठीही रक्कम मिळते. त्यासाठी दवाखान्याचे कागद, पोलिसांची नोंद आणि मस्टरची प्रत लागते. भाजल्याच्या दिवशी दवाखान्यात “घरी चुलीवर भाजलं” असं कुणाच्या सांगण्यावरून लिहू देऊ नका. डॉक्टरांना जागा आणि काम सांगा: जंगलात, वणवा विझवताना. ही एक ओळ नंतर बदलून मिळत नाही.

याशिवाय बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना घ्या. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. फक्त एक बघा: हिचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, आणि आगीचा हंगाम 15 जूनपर्यंत असतो. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात 20 रुपये नसले तर शेवटचा पंधरवडा विम्याविना जातो.

आणि जे मजूर नाहीत त्यांच्यासाठी

भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 79 प्रमाणे राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्यांना चराईचे, लाकूडफाट्याचे हक्क आहेत, त्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. त्यामुळे हाक आली की गाव धावतं. कायदा मदत करायला सांगतो. अनवाणी, पाण्याशिवाय, अंधारात चढावर जायला सांगत नाही. गावातून येणाऱ्यांनी आधीच जळालेल्या बाजूला राहावं, पाण्याच्या खेपा कराव्यात, निखारे विझवावेत, आणि आलेल्यांची नावं कुणीतरी कागदावर उतरवून घ्यावीत. रात्री परतताना तीच यादी वाचून माणसं मोजायची.